फेरेट : बिळात शिरणारा पाळीव शिकारी



मोबाईलवर फेरेटचा व्हिडिओ पाहिला की मुलं लगेच म्हणतात, "हे मुंगूस आपण पण पाळूया ना!" 'पाळीव प्राणी' शिकवताना या हट्टाचा छान उपयोग करून घ्या.

मुंगूस नव्हे!
लांबट अंग आणि आखूड पाय यामुळे फेरेट मुंगसासारखा दिसतो, पण त्याचं कुळ वेगळं आहे. आपल्याकडच्या नद्यांमधलं पाणमांजर त्याच्या जास्त जवळचं.

तो माणसाकडे का आला?
युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून फेरेट तयार झाला, असे मानले जाते. ही गोष्ट सुमारे २००० वर्षांपूर्वीची किंवा त्याहूनही जुनी. स्पेनजवळच्या बॅलेरिक बेटांवर ससे इतके वाढले की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. सशांवर उपाय होता हा छोटा शिकारी. तोंडाला मुसकं बांधून त्याला बिळात सोडायचं. घाबरलेला ससा बाहेर आला की पकडायचा. त्याचं नावही 'छोटा चोर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. आजही घरातले मोजे, चाव्या पळवून लपवणं ही त्याची आवडती खोडी!

इथे मुलांना एक फरक जरूर सांगा. रानातलं एखादं पिल्लू माणसाळतं, पण त्यामुळे त्याची जात पाळीव होत नाही. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या शांत, कामाचे प्राणी निवडून त्यांची पैदास करावी लागते.

नाण्याची दुसरी बाजू
१८८० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांचं गवत ससे फस्त करू लागले, म्हणून तिथे हजारो फेरेट सोडले. ससे काही संपले नाहीत, पण किवीसारख्या न उडणाऱ्या पक्ष्यांवर मात्र संकट आलं. २००२ पासून तिथे फेरेटची विक्री आणि पैदास यांवर बंदी आहे.

म्हणून पालकहो, मूल हट्ट करेल तेव्हा नुसतं "नाही" म्हणू नका. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे, कुत्र्यांचा डिस्टेंपर त्याच्या जिवावर बेततो, हे सांगा. मग विचारा :

१) हा प्राणी मुळात कशासाठी पाळला गेला?
२) ते काम आपल्या घरात आहे का?
३) तो बाहेर सुटला तर कोणाला त्रास होईल?

उत्तरं मुलांनाच शोधू द्या. कुठलाही प्राणी घरी आणण्याआधी हेच तीन प्रश्न उपयोगी पडतील.