सात की साठ?

पूर्वी भिवंडीच्या कापड व्यापाऱ्याला परगावी तातडीचा निरोप द्यायचा असेल, तर तो तार करीत असे. तारेत शब्दांवर पैसे पडत, म्हणून मजकूर अगदी थोडक्यात लिहावा लागे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तोपर्यंत नवी साधने आली होती. १९७१ मध्ये अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर ई-मेल पाठवला. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले. २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप सुरू झाले. आता इंटरनेटवरून फोनही करता येतो. त्यात आपल्या आवाजाचे अंकांत रूपांतर होते. त्या अंकांचे छोटे गट इंटरनेटवरून जातात व पलीकडे जोडले जाऊन पुन्हा आवाज होतो.

मग ई-मेलची गरज संपली का? नाही. समजा, तुम्ही फोनवर ‘सात तागे पाठवा’ म्हणालात आणि समोरच्याने ‘साठ’ ऐकले, तर नुकसान कोणी सोसायचे? म्हणून भाव झटपट निरोपाने विचारावा, शंका फोनवर बोलून दूर करावी. पण मालाची संख्या, दर व तारीख ई-मेलने लिहून कळवावी. ती नोंद दोघांजवळ राहते.

मित्रांनो, निरोप क्षणात पोहोचतो, तशी चूकही क्षणात पोहोचते. म्हणून पाठवण्यापूर्वी आकडे एकदा पुन्हा वाचा.

शब्दार्थ : परगावी – दुसऱ्या गावी, तागा – कापडाची गुंडाळी, सोसणे – सहन करणे.