वजीर देऊन जिंकलेला डाव

बुद्धिबळाचा पट मांडला, की वसतिगृहातील नवखा विद्यार्थी आधी समोरच्या मुरलेल्या खेळाडूकडे पाहतो आणि मग पटाकडे. पुष्कळदा डाव तेथेच हरला जातो. अशा विद्यार्थ्यांसाठी एका जुन्या डावाचा पाठ आम्ही येथे देत आहोत.

इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ ची स्पर्धा. काळी मोहरी खेळत होते क्यूबाचे कापाब्लांका, १९२१ ते १९२७ या काळातील जगज्जेते. पांढरी मोहरी होती पंजाबच्या मीर सुलतान खान यांच्याकडे. सर उमर हयात खान यांच्या आश्रयाने ते १९२९ मध्ये लंडनला गेले होते. ज्या देशी पद्धतीत ते घडले, तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरकत असे. त्यामुळे डावाच्या प्रारंभाच्या पाश्चात्त्य अभ्यासात ते मागे होते.

कापाब्लांकांचे दोन्ही हत्ती एकाच पट्टीतून पांढऱ्या राजावर चालून आले. सुलतान खान यांनी आपला वजीर दिला आणि मोबदल्यात ते दोन्ही हत्ती घेतले. वजिराचे मोल नऊ, हत्तीचे पाच, हा हिशेब प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. पण जगज्जेत्यासमोर वजिरावाचून उरलेला डाव खेळण्यास धैर्य लागते. एकटा पडलेला काळा वजीर पांढऱ्यांच्या मुलखात शिरला, परंतु दोन हत्ती आणि दोन उंट एकमेकांना राखीत पुढे सरकले. घाई कोठेही नव्हती. ६५ व्या खेळीला कापाब्लांकांनी हार मानली. त्या स्पर्धेतील त्यांचा हा एकमेव पराभव होता.

म्हणजे पटावर कीर्तीला घर नसते. तेथे फक्त खेळी मोजली जाते. एवढा बोध घेऊन थांबता आले असते. परंतु कथेचा उत्तरार्धही आम्हांला सांगितलाच पाहिजे. ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकूनही १९३३ मध्ये आश्रयदात्यासमवेत सुलतान खान मायदेशी परतले आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील त्यांची वाटचाल तेथेच संपली. ग्रँडमास्टर हा मानद किताब त्यांना मिळाला तो २०२४ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी.

बुद्धी त्यांची स्वतःची होती. संधी मात्र दुसऱ्याच्या हाती होती. ज्या मुलाच्या घरी पट नाही, पुस्तक नाही, त्याला ही दोन्ही हक्काने मिळावीत, यासाठीच शाळा असते. पुढची खेळी मग त्याने स्वतः करावयाची.