थंडीच्या दिवसांतील हस्तकाम : घरांतील लहान मुलांसाठीं एक पाठ

मारेगांवच्या बाजूस हिंवाळा लागला कीं कपाशीचीं शेतें पांढरीं होतात. घरांतील थोरलीं माणसें सकाळींच कापूस वेंचावयास जातात, आणि परत येतात तीं थकून. अशा वेळीं तीन-चार वर्षांच्या बालकानें रडावयास आरंभ केला म्हणजे कोणी त्याच्या हातीं मोबाइल देतो, कोणी विकतचा खाऊ देतो. खाऊ संपतो, मोबाइल काढून घ्यावा लागतो, आणि मूल पुन्हा रडूं लागतें. वाचकहो, ह्या पाठांत आपणांस तिसरा मार्ग सांगावयाचा आहे. रात्रीच्या जेवणापूर्वीं अर्धा तास बापानें, आईनें किंवा आजीनें मुलास जवळ घेऊन त्याच्याबरोबर हातांनीं कांहीं तरी करावें, एवढाच तो मार्ग होय.

ही कल्पना नवी नव्हे. जर्मनींत फ्रोबेल ह्यांनीं १८३७ सालीं ब्लँकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढिली व १८४० सालीं तिला ‘बालोद्यान’ ह्या अर्थाचें नांव दिलें. कागदाच्या घड्या घालणें, पट्ट्या विणणें, मातीच्या वस्तु करणें हीं कामें त्यांच्या शिक्षणाचा भागच होतीं. आपल्या शेजारच्या वर्धा येथें १९३७ सालीं भरलेल्या शिक्षण परिषदेंत, मुलांचें शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाभोंवतीं गुंफावें, असें ठरलें. पुढें ताराबाई मोडक ह्यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें, तेव्हां महागडीं साधनें टाकून त्यांनीं भोंवतालच्या वस्तूच शिक्षणासाठीं वापरल्या. आपल्या अंगणांतही अशा वस्तु पुष्कळ आहेत.

१. कापूस. एक स्वच्छ फुटलेलें बोंड मुलास द्यावें व त्यांतील सरकी बोटांनीं वेगळी करावयास सांगावें. सरकी मोजावी, हाच अंकांचा पहिला पाठ. दोन सरक्या एकमेकींस चिकटलेल्या दिसल्या तर त्या मुलास दाखवाव्या, कारण गुलाबी बोंडअळी पुष्कळदां अशा जोडसरकींत दडून बसते. अशीं किडकीं बोंडें घरांत सांठवूं नयेत. नंतर रुई पिंजून तिचा पेळू करावा. रुईचा थोडासा भाग नुसता ओढला तर लगेच तुटतो. परंतु तोच पीळ देत देत ओढला म्हणजे धागा होतो. ह्याचें कारण असें कीं, कापसाचा एकेक तंतु सुमारें एक इंच लांबीचा असतो, आणि पीळ बसला म्हणजे हे आंखूड तंतु एकमेकांवर दाबले जाऊन सुटत नाहींत. दोन धागे एकत्र घेऊन त्यांस उलट पीळ दिला कीं दोरी तयार होते. ती जपून ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

२. माती. आपली काळी माती पाण्यानें फुगते व वाळतांना आकसते; म्हणूनच उन्हाळ्यांत शेतास भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीचा बैल केला तर तोही तडकतो, आणि मूल निराश होतें. ह्यासाठीं माती चाळून तींत थोडी बारीक वाळू किंवा राख मिसळावी, नीट मळावी, आणि केलेली वस्तु उन्हांत न ठेवितां सावलींत सावकाश वाळवावी. एक बैल नुसत्या मातीचा व एक मिसळलेल्या मातीचा करून दोन्ही शेजारीं ठेवावे. कोणता तडकला हें मुलानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे तें कधीं विसरणार नाहीं.

३. ज्वारीचे धांडे. आतां आपल्याकडे ज्वारीचा पेरा पूर्वीपेक्षां कमी झाला आहे; तरी कोठें तरी धांडे मिळतातच. त्यांची वरची साल धारदार असल्यानें ती मोठ्या माणसानेंच सोलावी. आंतील गाभा मऊ व हलका असतो. त्याचे तुकडे करून मुलास द्यावे, व सालीच्या कामट्या टोंचून ते जोडावयास शिकवावें. ह्या रीतीनें गाडी, नांगर, खाट असें सर्व कांहीं करितां येतें. आजोबांस ही विद्या बहुधा येतच असते. त्यांस विचारावें, म्हणजे म्हाताऱ्यास व नातवास दोघांसही आनंद होईल.

४. नाताळचा तारा. सारख्या लांबीच्या पांच बांबूच्या कामट्या घ्याव्या. यवतमाळ जिल्ह्यांतील कोलाम लोक बांबूच्या टोपल्या व चटया विणण्यांत निपुण आहेत; आपल्या गांवांत कोणी असा कारागीर असल्यास कामट्या त्याजकडूनच योग्य मोल देऊन घ्याव्या, आणि त्या कशा काढितात हें मुलास पाहूं द्यावें. कामट्या एकीखालून एक घालून पांच टोंकांचा तारा जुळवावा. पांच टोंकें व आंतील पांच छेद मिळून दहा ठिकाणीं, पहिल्या पाठांत केलेल्या दोरीनें, गांठी माराव्या. मग वर पातळ रंगीत कागद चिकटवावा. तारा थोडा वांकडा झाला तरी मोठ्यांनीं तो गुपचूप सरळ करूं नये. मुलाचा वांकडा तारा दारावर टांगणें हें बाजारांतील सरळ तारा टांगण्यापेक्षां बरें.

सावधगिरी. आतां एक गंभीर गोष्ट. २०१७ सालीं आपल्याच जिल्ह्यांत कीटकनाशकांच्या विषबाधेनें वीसाहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यु पावले. फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कितीही सुंदर दिसो, कितीही धुतलेला असो, तो खेळण्यासाठीं कधींही देऊं नये. गुंजा व एरंडीच्या बिया विषारी आहेत. त्यांच्या माळा मुलांस करूं देऊं नयेत. अगदीं लहान मूल सरकी किंवा मणी तोंडांत अथवा नाकांत घालतें, म्हणून अशा कामाच्या वेळीं मोठ्या माणसानें उठून जाऊं नये. काम संपल्यावर मुलाचे हात साबणानें धुवावे.

कोणी म्हणेल, दिवसभर राबून आलेल्या माणसास हें कसें साधावें? रोज साधणार नाहीं, हें खरें. परंतु आठवड्यांतून दोन संध्याकाळीं साधेल. गाडी मोडेल, बैलाचें शिंग गळेल, आणि त्यांत कांहीं नुकसान नाहीं. बापाच्या भेगाळलेल्या हातांस केवढें येतें, हें ज्या मुलानें जवळून पाहिलें, तें पुढें कष्टाच्या कामास हलकें लेखणार नाहीं.

विचारार्थ प्रश्न
(१) ह्या आठवड्यांत कोणत्या दोन संध्याकाळीं आपण मुलाजवळ बसूं शकाल?
(२) आपल्या घरांत औषधाच्या रिकाम्या बाटल्या कोठें आहेत? मुलाचा हात तेथें पोहोंचतो काय?
(३) आपल्या आजोबांस येणारें कोणतें हस्तकाम आपणांस येत नाहीं? तें त्यांजपासून केव्हां शिकाल?