'चिअरफुल' : अर्थ, छटा व अध्यापन

प्राथमिक शाळेत इंग्रजी शब्द शिकविताना फळ्याच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस त्याचा मराठी अर्थ लिहिण्याची पद्धत फार रूढ आहे. वस्तुवाचक शब्दांपुरती ती चालते. कारण दोरी, घागर, गाय या वस्तू डोळ्यांपुढे असतात. भाववाचक शब्दांच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. 'हॅपी' म्हणजे आनंदी, 'ग्लॅड' म्हणजे आनंदी, 'मेरी' म्हणजे आनंदी आणि 'चिअरफुल' म्हणजेही आनंदी, असे चार वेळा लिहून झाले की हे चारही शब्द एकमेकांच्या जागी चालतात अशी विद्यार्थ्याची समजूत होते. मग तो 'आय ॲम चिअरफुल टू मीट यू' असे वाक्य लिहितो. शब्दांचा क्रम बरोबर असतो, स्पेलिंग बरोबर असते, तरीही वाक्य चुकते. आणि ते का चुकले याचे उत्तर फळ्यावरील त्या यादीत सापडत नाही.

महाराष्ट्रात २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी विषय सुरू झाला. लहान वयातच शब्द शिकविले जात असल्याने त्यांचा योग्य संस्कार होणे अधिकच अगत्याचे आहे. त्या दृष्टीने 'चिअरफुल' हा एकच शब्द घेऊन त्याचा विचार येथे केला आहे.

शब्दाची पूर्वपीठिका

'चिअरफुल' हा शब्द 'चिअर' या नामास 'फुल' हा प्रत्यय लागून झाला आहे. 'चिअर' हा मूळचा इंग्रजी शब्द नव्हे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच भाषेतील जे असंख्य शब्द इंग्रजीत आले त्यांपैकी तो एक होय. त्याचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील 'कारा' या शब्दात असून त्याचा अर्थ चेहरा असा आहे. स्पॅनिश भाषेत आजही चेहऱ्यास 'कारा' असेच म्हणतात.

इंग्रजीतही 'चिअर' याचा पहिला अर्थ चेहरा किंवा मुद्रा असाच होता. पुढे मुद्रेवर जो भाव दिसतो त्यालाही तोच शब्द लागू झाला. हा भाव चांगला की वाईट हे सांगण्यासाठी जोडीला विशेषण लागे. आनंदी मुद्रेला 'गुड चिअर' म्हणत आणि खिन्न मुद्रेला 'हेवी चिअर' म्हणत. शेक्सपिअरने 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकात हा शब्द मुद्रा याच अर्थाने योजला आहे. कालांतराने वाईटाचा अर्थ गळून पडला आणि 'चिअर' म्हणजे उल्हास एवढाच अर्थ उरला. उल्हासाने केलेला जयघोष हा त्याचा आणखी पुढचा अर्थ. 'थ्री चिअर्स' या प्रयोगात तो दिसतो.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. मराठीतील 'चेहरा' हा शब्द फारसीतून आला आहे. 'चिअर' आणि 'चेहरा' यांत अर्थाचे व ध्वनीचे साम्य दिसत असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. तसेच 'फुल' या प्रत्ययाचा मराठी 'फूल' किंवा 'प्रफुल्ल' यांच्याशी काही संबंध नाही. स्मरणासाठी अशी जोडी लावण्यास हरकत नाही. ती व्युत्पत्ती म्हणून सांगू नये.

समानार्थी शब्दांतील भेद

शब्दांची मुळे पाहिली म्हणजे त्यांच्या आजच्या अर्थांतील भेदही स्पष्ट होतो.

'हॅपी' हा शब्द 'हॅप' म्हणजे योगायोग, दैव यावरून आला आहे. 'हॅपन' व 'परहॅप्स' हे त्याचेच भाऊबंद. दैव अनुकूल झालेला तो 'हॅपी', असा त्याचा जुना भाव. आज त्यातून सुख व समाधान सूचित होते.

'ग्लॅड' याचा प्राचीन इंग्रजीतील अर्थ चकचकीत, तेजस्वी असा होता. आज एखाद्या विशिष्ट गोष्टीमुळे झालेला संतोष सांगण्यास तो वापरतात. पाऊस पडला, पत्र आले, पाहुणा भेटला, म्हणून 'ग्लॅड'. वरील चुकलेल्या वाक्यात हाच शब्द हवा होता : 'आय ॲम ग्लॅड टू मीट यू'.

'मेरी' या शब्दात हास्यविनोद, गाणे, सण व मेळावा यांचा गजबजाट आहे. एकट्याने शांतपणे काम करीत बसलेल्या मनुष्यास तो सहसा लावीत नाहीत.

'चिअरफुल' यात मात्र मुद्रा, आवाज व वागणूक यांतून बाहेर दिसणारी आणि सहवासातील इतरांनाही लाभणारी प्रसन्नता आहे. तिला विशिष्ट कारण लागतेच असे नाही. म्हणूनच सुखी मनुष्य 'चिअरफुल' असेलच असे नाही; उलट, आजारी असूनही एखादी स्त्री 'चिअरफुल' असू शकते.

'गे' हा शब्दही पूर्वी उल्हसित या अर्थाने सर्रास वापरीत. वर्ड्स्वर्थच्या १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅफोडिल फुलांवरील कवितेत तो याच अर्थाने आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात समलिंगी व्यक्ती हा त्याचा अर्थ सर्वत्र रूढ झाला. जुनी कविता शिकविताना दोन्ही अर्थ सरळपणे सांगावेत.

मराठी पर्याय

'हसतमुख' हा शब्द 'चिअरफुल'च्या सर्वांत जवळचा, कारण दोन्हींचा पाया मुख हाच आहे. तथापि तो केवळ माणसास लागतो. 'चिअरफुल' हे विशेषण खोली, रंग, आवाज, सकाळ यांनाही लागते आणि तेथे 'प्रसन्न' हा शब्द चपखल बसतो. 'प्रसन्न' याचा मूळ अर्थ गाळ खाली बसून निवळलेले, असा आहे. पाणी निवळले की प्रसन्न होते, तसेच मनही. इंग्रजी शब्द बाहेरच्या मुद्रेकडून मनाकडे गेला आणि संस्कृत शब्द आतल्या निवळण्यातून मुद्रेवर आला. दोघे एकाच ठिकाणी भेटले.

उच्चार व लेखन

'चि' हा 'चिमणी'तील 'चि'प्रमाणे उच्चारावा. 'फ' उच्चारताना वरचे दात खालच्या ओठास टेकवावेत. आघात पहिल्या अवयवावर द्यावा. प्रत्ययात शेवटी एकच 'एल' येतो. 'चिअरफुली' या क्रियाविशेषणात मात्र दोन. 'चिअरफुलनेस' हे भाववाचक नाम. 'चिअरलेस' हा शब्द माणसापेक्षा उदास खोली, कुंद दिवस यांनाच अधिक लावतात.

वर्गातील अध्यापन

अर्थ सांगण्यापूर्वी प्रसंग उभा करावा. एक मुलगी हरवलेली वही सापडल्याचे सांगते. जत्रेत मुले पाळण्यात बसून ओरडत आहेत. एक मुलगा रोज हसून सर्वांना पाणी देतो. असे तीन प्रसंग विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावेत आणि 'ग्लॅड', 'मेरी', 'चिअरफुल' हे शब्द अनुक्रमे त्या प्रसंगांना जोडावेत. त्यानंतरच वाक्यरचना घ्यावी.

हा शब्द शिकविताना शिक्षकाने आणखी एक विवेक ठेवावा. 'बी चिअरफुल' अशी आज्ञा करून कोणतेही मूल प्रसन्न होत नाही. घरी आजारपण आहे, पालक ऊसतोडीस गेले आहेत किंवा सकाळपासून पोटात अन्न नाही, अशा मुलाकडून हसऱ्या चेहऱ्याची अपेक्षा करणे म्हणजे त्यास मुखवटा घालावयास लावणे होय. तसेच अबोल मूल दुःखीच असते असेही नाही. प्रगतीच्या नोंदीत 'आनंदी आहे' किंवा 'उदास राहते' असे लिहिण्यापूर्वी मुद्रा व मन यांतील हे अंतर शिक्षकाने ध्यानी घ्यावे. एकदा लिहिलेली नोंद मुलाबरोबर पुढच्या वर्गात जाते. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने मूल भीती व चिंता यांपासून मुक्त असावे असे म्हटले आहे. वर्गातील भीती गेली की मन निवळते, आणि मन निवळले की मुद्रा आपोआप उजळते.

स्वाध्याय

१. 'हॅपी', 'ग्लॅड', 'मेरी' व 'चिअरफुल' यांपैकी योग्य शब्द निवडा व निवडीचे कारण सांगा : (अ) बसला उशीर होऊनही न त्रासता प्रवाशांशी गोड बोलणारा वाहक, (आ) मुलगी परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे कळलेले वडील, (इ) लग्नघरी गाणी म्हणत बसलेली मंडळी.

२. 'चिअरफुल' हे विशेषण माणसाखेरीज कोणकोणत्या गोष्टींना लावता येईल? आपल्या शाळेच्या परिसरातील तीन गोष्टी शोधा.

३. आपल्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे आठवडाभर निरीक्षण करा व 'आनंदी' हा शब्द न वापरता त्याच्या वृत्तीचे पाच वाक्यांत वर्णन लिहा.