आरसी स्वच्छ, गाडी बुडालेली

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांमध्ये शिरली आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या. नवा रायपुरात बसून मी ते टीव्हीवर पाहिलं होतं. त्यातलीच एक गाडी पुढे मी विकत घेतली.

दलालाने आरसी दाखवली, नागपूर आरटीओची एनओसी दाखवली, बाजारभावापेक्षा दीड लाख कमी सांगितले. मी भुललो. पहिल्याच पावसाळ्यात एअरबॅगचा दिवा लागून राहिला, काचा आपोआप खाली येऊ लागल्या आणि एका संध्याकाळी रायपूरहून परतताना गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागे ट्रक होता, शेजारी लेक बसली होती. ती भीती अजून गेलेली नाही.

वायरिंगवाल्या दादांनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरून शेवटपर्यंत ओढला. एरवी आत गुंडाळलेला राहतो तो शेवटचा हातभर पट्टा मातकट, कडक झालेला. नखाने खरवडला तर बारीक गाळ निघाला. बाकीचा पट्टा नव्यासारखा काळाभोर. मग सीट काढून गालिचा उचलला, तर खाली कनेक्टरवर हिरवट थर. "साहेब, किती ठिकाणी जोडणार?" ते म्हणाले.

जुन्या पॉलिसीचा क्लेम नंतर शोधला: टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. पुष्कळदा मालकाला भंगाराची किंमत वजा करून पैसे मिळतात आणि गाडी कागदपत्रांसह बोली लावणाऱ्याकडे जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण "दुरुस्त होईल" म्हणून विकलेल्या गाडीची नोंदणी चालूच राहते. अशा कागदांवर चोरीच्या गाडीला नवा चेसिस नंबर ठोकणारेही आहेत, म्हणून नंबरभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या तर तिथूनच परत फिरा.

बयाणा देण्याआधी जुन्या पॉलिसीचा नंबर मागा आणि मालकालाच कंपनीकडून क्लेमची माहिती लेखी काढायला लावा. टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडा. स्टेपनीखालचा खड्डा बोटाने चाचपा, गाळ लागतो का पाहा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे; लागलाच नाही तर बहुधा कुणीतरी तो बंद केला आहे.

अपघातातली टोटल लॉस गाडी, चेसिस आणि पिलर सरळ असतील, सर्व्हेअरचा रिपोर्ट हातात असेल, तर जाणकाराला सोबत घेऊन दुरुस्त करता येते. बुडालेली मात्र स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ओलीने धरलेला गंज वायरिंगमध्ये पुढे सरकत राहतो.

मी त्या गाडीत एक लाख दहा हजार घातले, तरी दिवा परत लागला. दोन गिऱ्हाइकं आली होती. दोघांनाही बेल्ट ओढून दाखवला आणि दोघेही गेले. शेवटी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात नेली. चेसिस नंबरचा पत्रा कापून निघेपर्यंत मी तिथून हललो नाही.