न दिसणारा दुभाषी

[कळ दाबली की संगणक काम करतो. पण कळ आणि काम यांच्यामध्ये कोण असते, ते या पाठात सांगितले आहे.]

धुळे शहरात पांझरा नदीपलीकडे देवपूर आहे. तेथे आम्ही राहतो. अब्बू यंत्रमागावर काम करतात. पैसे साठवून त्यांनी आपासाठी एक जुना लॅपटॉप घेतला होता.

एका संध्याकाळी आपा रडकुंडीला आली. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला एकच दिवस उरला होता आणि लॅपटॉपचा पडदा काळा दिसत होता. सूर्याचे चित्र असलेली उजेडाची कळ तिने कितीतरी वेळा दाबली. काहीच झाले नाही.

"पडदा गेला वाटतं. नवा कोठून आणायचा?" अब्बू हळूच म्हणाले.

इतक्यात मामू आले. ते संगणक दुरुस्त करतात. त्यांनी पडद्यावर विजेरीचा झोत तिरपा धरला. पुसट अक्षरे दिसू लागली!

"पडदा शाबूत आहे. मागचा दिवा अगदी मंद झाला आहे," मामू म्हणाले. विजेरीच्या उजेडात त्यांनी सेटिंगमधील उजेडाची पट्टी सरकवली. पडदा लख्ख उजळला.

"मग कळ बिघडली का, मामू?" मी विचारले.

"काल याला कोणी हात लावला होता?"

"शेजारच्या दादांनी कार्यप्रणाली नव्याने भरून दिली," आपा म्हणाली.

"मग कळेचा ड्रायव्हर भरायचा राहिला असेल."

"ड्रायव्हर? म्हणजे गाडी चालवणारा?"

मामू हसले. "दवाखान्यात दादीजानचं म्हणणं डॉक्टरांना कोण सांगतं?"

"मी. दादीजान उर्दूत बोलतात, मी मराठीत सांगतो."

"म्हणजे तू दुभाषी. ड्रायव्हर ही तशीच एक आज्ञावली. अशी खास कळ दाबली, की बहुतेक लॅपटॉपमधील एक छोटी चिप कार्यप्रणालीला खूण करते. ही खूण प्रत्येक कंपनीची निराळी असू शकते. ड्रायव्हर तिचा अर्थ सांगतो. मग कार्यप्रणाली दिव्याचा उजेड वाढवते."

"सर्वांची एकच भाषा का नाही?" आपाने विचारले.

"तसा प्रयत्न झाला. १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी एसीपीआय नावाचे समान नियम प्रसिद्ध केले. तरी काही खास कळा ज्याच्या त्याच्याच राहिल्या. लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली. तिच्यात थिंकपॅड लॅपटॉपच्या कळांसाठी वेगळा ड्रायव्हर आहे. तो प्रथम बोरिस्लाव देयानोव यांनी २००४ मध्ये लिहिला. तो कोणीही वाचू शकतो, सुधारू शकतो."

मामूंनी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक वाचला. कंपनीच्या संकेतस्थळावरून नेमका त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घेतला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. आपाने कळ दाबली. उजेड वाढला! त्याच रात्री अर्ज भरून झाला.

दुसऱ्या दिवशी मी दादीजानबरोबर दवाखान्यात गेलो. गोळी केव्हा घेतात, असे डॉक्टरांनी विचारले. दादीजानने जे सांगितले, ते मी नीट ऐकले आणि मराठीत सांगितले. एकही शब्द गाळला नाही.

शब्दार्थ
दुभाषी – दोन भाषा जाणून एकाचे म्हणणे दुसऱ्याला सांगणारा
शाबूत – न बिघडलेला
विजेरी – टॉर्च
आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच

स्वाध्याय
१. पडदा बिघडला नाही, हे मामूंनी कसे ओळखले?
२. ड्रायव्हरला दुभाषी का म्हटले आहे?
३. तुम्ही कोणासाठी दुभाषी झाला आहात? पाच वाक्ये लिहा.