पोटदुखी, उलटी आणि मोलाचे तास
किशोरवयीन मुलामुलींच्या पालकांसाठी

पावसाळ्याचे दिवस आले की खेड्यापाड्यांतून पोटाच्या तक्रारी वाढू लागतात. शाळेतून परतलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जेवणाच्या ताटावरून उठतो, पोट दुखते म्हणतो आणि थोड्याच वेळात त्याला उलटी होते. घरातील वडीलधारी मंडळी कोमट पाण्याबरोबर ओवा देतात, कोणी हिंगाचा लेप लावतो, कोणी बेंबी सरकली असे निदान करून पोट चोळू लागतो. बहुतेक वेळा मूल दुसऱ्या दिवशी खेळू लागते आणि घरातील सर्वांचा अशा उपचारांवरील विश्वास अधिक दृढ होतो. परंतु शेकडो साध्या दुखण्यांच्या गर्दीत एखादे दुखणे असे असते की, त्यात रात्र उलटू देणे जिवावर बेतते. ते एक दुखणे वेळीच ओळखणे, हे किशोरवयीन मुलांच्या शुश्रूषेतील सर्वात महत्त्वाचे काम होय.

सेवाग्रामच्या संताचे उदाहरण

वर्धा जिल्ह्याला ज्यांच्या वास्तव्याने जगाच्या नकाशावर स्थान मिळाले, त्या महात्मा गांधींना स्वतःला या प्रसंगातून जावे लागले होते. १९२४ च्या जानेवारीत ते पुण्याच्या येरवडा कारागृहात शिक्षा भोगत होते. पोटातील तीव्र वेदनांमुळे त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले आणि आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजे अपेंडिसायटिस झाल्याचे निदान झाले. १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. त्या रात्री वादळी पाऊस होता. शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पुढे ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांची सुटका केली.

महात्माजींचा ओढा निसर्गोपचाराकडे होता. आहारनियम, उपवास, मातीच्या पट्ट्या यांवर त्यांची श्रद्धा होती. तरीही त्या रात्री त्यांनी शस्त्रक्रियेला लेखी संमती दिली. १९३६ मध्ये ते वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. तेथे डॉ. सुशीला नायर यांच्या परिश्रमातून कस्तुरबा रुग्णालय वाढीस लागले आणि गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. घरगुती उपचारांना त्यांची जागा आहे. मात्र त्यांची मर्यादा कोठे संपते हे ओळखण्याचा विवेकही हवा, हाच बोध या घटनेतून घ्यावयाचा.

दुखणे कसे सुरू होते?

आंत्रपुच्छ ही मोठ्या आतड्याच्या प्रारंभी, पोटाच्या उजव्या बाजूस खाली लोंबणारी बोटाएवढी बारीक पिशवी आहे. तिचे तोंड मळाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले म्हणजे आत जंतू वाढतात, पू धरतो आणि भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो. हा विकार कोणत्याही वयात होऊ शकतो. तथापि दहा ते तीस या वयात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. म्हणूनच किशोरवयातील तीव्र पोटदुखीत याचा विचार प्रथम करावा लागतो.

प्रारंभी वेदना बेंबीभोवती असते आणि नेमकी जागा दाखविता येत नाही. भूक मरते, मळमळते, एक-दोन उलट्या होतात. बारा ते चोवीस तासांत वेदना उजवीकडे खाली सरकते आणि एका जागी स्थिर होते. बारीक ताप येतो. मूल कमरेत वाकून चालते, खोकले किंवा उडी मारली तर कळ येते. दवाखान्यात नेताना गाडी खड्ड्यात आदळली की मूल कण्हते, ही खूणही डॉक्टरांना उपयोगी पडते.

आधी काय झाले, वेदना की उलटी, हा प्रश्न पालकांनी आवर्जून विचारावा. दूषित अन्नपाण्याने होणाऱ्या विकारात बहुधा उलट्या आधी होतात, मागोमाग जुलाब लागतात आणि पोटात येणारी कळ शौचानंतर काहीशी ओसरते. आंत्रपुच्छदाहात बहुधा वेदना आधी येते, उलटी नंतर. हा नियम निरपवाद नाही. आंत्रपुच्छ ओटीपोटात खोलवर असेल तर याही रोगात पातळ शौचास होते. त्यामुळे जुलाब झाले म्हणून निर्धास्त राहू नये. चार-सहा तास वाढत जाणारी वेदना, मग तिचे कारण काहीही वाटो, डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे.

उपचारास विलंब झाला, विशेषतः दीड-दोन दिवस उलटले, तर आंत्रपुच्छ फुटून पू पोटभर पसरण्याचा धोका वाढतो. फुटण्याच्या क्षणी वेदना एकाएकी कमी झाल्यासारखी वाटते. घरच्यांना हायसे वाटते, परंतु काही तासांतच पोट कडक होते, ताप चढतो आणि मूल गळून जाते. वेदना शमली म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे.

जे करू नये

तीव्र पोटदुखीत एरंडेल किंवा अन्य जुलाबाचे औषध देणे, एनिमा देणे, पोट जोराने चोळणे, नळ बसविणे, गरम विटेने शेकणे, पोटावर डाग देणे हे सर्व उपाय घातक आहेत. सुजलेल्या आतड्यावर त्यांचा ताण पडून ते फुटू शकते, शिवाय मोलाचा वेळ वाया जातो. गावातल्या गावात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन मुलाला झोपविणे हाही तसाच प्रकार आहे. रुग्णालयात तपासणीनंतर डॉक्टर वेदनाशामक देतात, ते योग्यच असते. तपासणीच्या ऐवजी ते घेणे चुकीचे असते. घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत.

वेदना तीव्र असेल आणि शस्त्रक्रियेची शक्यता वाटत असेल, तर मुलाला काहीही खाऊ-पिऊ घालू नये. गुडघे पोटाशी घेऊन, ज्या कुशीवर बरे वाटेल त्या कुशीवर निजवावे. वेदना केव्हा सुरू झाली, उलट्या किती झाल्या, त्यांचा रंग कोणता, शौच व लघवी केव्हा झाली, हे कागदावर टिपून ठेवावे. शुद्ध पूर्ण नसेल तर मान एका कुशीला वळवून ठेवावी, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही.

साध्या उलट्या-जुलाबात

जेथे पोट मऊ आहे, वेदना सौम्य आहे आणि उलट्यांबरोबर जुलाब होत आहेत, तेथे खरा शत्रू म्हणजे शरीरातील पाणी व क्षार कमी होणे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचविले. तोच उपाय जलसंजीवनीच्या पाकिटातून आज घरोघरी पोचला आहे. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच, उकळून गार केलेल्या पाण्यात ते विरघळवावे. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमचा-चमचा पाजावे. घटाघटा पाजल्यास पुन्हा उलटी होते. तयार केलेले पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. उलटी थांबताच मऊ भात, पातळ वरण, ताक असा हलका आहार सुरू करावा. उपाशी ठेवू नये.

या जिल्ह्यात विसरू नयेत अशी कारणे

पोटदुखी व उलटीचे मूळ दर वेळी पोटातच असते असे नाही. वर्ध्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

मण्यार : वावरात जागलीला गेलेला किंवा घरात जमिनीवर निजलेला मुलगा पहाटे पोटात कळ येऊन जागा होतो आणि ओकतो. मण्याराचा दंश बहुधा रात्री, झोपेत होतो. तो फारसा दुखत नाही, सूज येत नाही आणि पुष्कळदा दाताची खूणही दिसत नाही. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास मंदावतो. अशा वेळी मांत्रिकाकडे नेणे, चिरा देणे, करकचून बांधणे हे टाळून रुग्णाला कमीत कमी हालचाल करू देत तात्काळ रुग्णालयात न्यावे. सर्पविषरोधक औषध आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास यांनी असे रुग्ण वाचतात.

कीटकनाशके : २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. कपाशीवर फवारणी करताना मदतीला गेलेल्या मुलाला पोटदुखी, उलटी, घाम आणि तोंडाला लाळ सुटली, तर विषबाधेचा संशय घ्यावा. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, मुद्दाम ओकारी काढू नये आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन सोबत न्यावे. मुळात या वयाच्या मुलांना फवारणीच्या कामाला लावूच नये.

सिकलसेल : विदर्भात या रक्तदोषाचे प्रमाण लक्षणीय आहे. त्याच्या झटक्यात हातपाय व छातीप्रमाणे पोटही तीव्र दुखते. मुलाचे सिकलसेल ओळखपत्र असल्यास ते डॉक्टरांना प्रथम दाखवावे. मात्र सिकलसेलच्या रुग्णालाही आंत्रपुच्छदाह होऊ शकतो, म्हणून नेहमीचेच दुखणे समजून थांबू नये. २०२३ मध्ये केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियान सुरू केले असून तपासणीची सोय करण्यात आली आहे.

मधुमेह : काही आठवडे खूप तहान, वरचेवर लघवी आणि वजनात घट, आणि मग पोटदुखी, उलटी व खोल श्वास, असा क्रम दिसल्यास रक्तातील साखर लगेच तपासून घ्यावी. मुलांनाही मधुमेह होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

डेंग्यू : तापाबरोबर पोटात सतत दुखणे आणि वारंवार उलट्या होणे, ही डेंग्यू गंभीर होत असल्याची सूचना असते. ताप उतरू लागल्यावरही ती दिसू शकते.

संकोच आड येऊ नये

किशोरवय हे लाजेचे वय. मुलगा ओटीपोटात दुखते म्हणतो, पण खरे दुखणे वृषणात असते. वृषणाला पीळ पडला तर एकाएकी असह्य वेदना होते, उलटी होते आणि सुमारे सहा तासांत पीळ सुटला नाही तर तो अवयव निकामी होण्याचा धोका वाढतो. मुलाला वडिलांनी किंवा मोठ्या भावाने एकांतात मोकळेपणाने विचारावे.

मुलींच्या बाबतीत पाळीच्या दुखण्याचे नाव पुढे करून प्रत्येक वेदना बाजूला सारली जाते. बीजांडकोशाला पीळ पडणे किंवा त्यावरील गाठ फुटणे ही कारणे तातडीची असतात. पाळी चुकली असेल तर तीही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. गर्भ नलिकेत राहिल्यास आत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. मुलीला आईने विश्वासात घ्यावे, रागावू नये, आणि डॉक्टरांना तिच्याशी एकांतात बोलू द्यावे. अब्रूच्या भीतीने गमावलेला तास पुन्हा मिळत नाही.

केव्हा निघावे, कोठे जावे?

वेदना सतत वाढत असेल, पोट कडक झाले असेल, उलटी हिरवी किंवा रक्तमिश्रित असेल, पोट फुगून शौच व वारा बंद झाला असेल, आठ तास लघवी झाली नसेल, किंवा मूल गुंगीत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका मिळते; ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून चालू आहे. गावातील आशा कार्यकर्तीला कळविल्यास योग्य ठिकाणी पोचणे सुलभ होते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली तपासणी व सलाईन यांची सोय असते. शस्त्रक्रियेसाठी पुढे जावे लागते. हिंगणघाट व आर्वी येथे उपजिल्हा रुग्णालये, वर्ध्यास जिल्हा सामान्य रुग्णालय, तर सेवाग्राम व सावंगी येथे वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत. आष्टी, कारंजा, समुद्रपूर या तालुक्यांतील दूरच्या गावांनी प्रवासाचा वेळ हिशेबात धरून लवकर निघावे.

खर्चाच्या भीतीनेही पाऊल अडखळते. सेवाग्रामच्या रुग्णालयाने एके काळी सुगीनंतर ज्वारीच्या रूपाने वर्गणी घेऊन खेड्यांसाठी आरोग्य विम्याची योजना राबविली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून. आता सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचाही अनेक आजारांत आधार मिळतो. शिधापत्रिका व आधार कार्ड हाताशी असू द्यावे; मात्र कागद सापडत नाहीत म्हणून रुग्णाला घरी थांबवू नये.

शस्त्रक्रियेनंतर

आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया आता पुष्कळ ठिकाणी दुर्बिणीतून केली जाते. वेळीच आलेला रुग्ण थोड्या दिवसांत घरी परततो; निवडक रुग्णांत केवळ प्रतिजैविकांनीही काम भागते, तो निर्णय शल्यविशारदाचा. घरी आल्यावर जखम कोरडी ठेवावी, मुलाला हळूहळू चालवावे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत पाण्याचे हंडे किंवा कापसाची ओझी उचलू देऊ नयेत. ताप, जखमेतून पू किंवा पुन्हा उलट्या झाल्यास परत दाखवावे. शाळा बुडाली म्हणून घाई करू नये. अभ्यास भरून निघतो.

शंभर वर्षांपूर्वी पुण्यात वादळी रात्री कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया करावी लागली. आज दिवेही आहेत, वाहनेही आहेत आणि शल्यविशारदही हाकेच्या अंतरावर आले आहेत. उरते ते पहिले पाऊल, आणि ते घराच्या उंबरठ्यावरूनच उचलावे लागते. मूल दुखते म्हणते तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि घड्याळाकडे पाहावे.